उशिरा सांगणारं झाड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

२००३ सालच्या पावसाळ्यात मी रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून साडेचारशे रुपयांना जुनिपरचं बोन्साय विकत घेतलं. वीतभर उंची, वाकडंतिकडं खोड, निळसर झाक असलेली बारीक हिरवी पानं आणि खाली चकचकीत निळा ट्रे. दिवाणखान्यात टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घालून मी ते दिमाखात ठेवलं. मी बँकेतला माणूस, शिस्त अंगात मुरलेली. सकाळी सातच्या बातम्या लागल्या की झाडाला एक कप पाणी, अगदी न चुकता. त्या दिवाळीत घरी आलेल्या प्रत्येकाने फराळाच्या आधी झाडाचं कौतुक केलं आणि मीही ते मान डोलावून स्वीकारलं.

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या सोसायटीचे माळीकाका पोस्त न्यायला आले. त्यांनाही मी झाड दाखवलं. त्यांनी एक डहाळी दोन बोटांत चुरगाळली, खोडाची साल नखाने जराशी खरवडली आणि हलकेच म्हणाले, "साहेब, हे दसऱ्याच्या आधीच गेलंय."

माझा विश्वास बसेना. समोर हिरवंगार झाड उभं होतं. पण सालीखाली हिरव्या ओल्या थराऐवजी सुकलेलं तपकिरी लाकूड दिसत होतं. पुढच्या पंधरवड्यात पानं आधी राखाडी, मग पिवळट आणि शेवटी गंजाच्या रंगाची झाली. म्हणजे अख्खी दिवाळी आम्ही एका मेलेल्या झाडाचं कौतुक करत होतो!

आज जुनिपरच्या निगेबद्दल मी जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका प्रसंगातून निघतं. तुळशीला पाणी कमी पडलं, तर ती दुपारपर्यंत मान टाकते. गुलाब पानं गाळतो. त्यांचं दुखणं आपल्याला लगेच कळतं आणि इलाज करायला वेळ मिळतो. जुनिपर तसं नाही. त्याची पानं खवल्यांसारखी, एकमेकांवर दाबून बसवलेली आणि वर मेणाचा जाड थर असलेली असतात. त्यांतून पाणी फार हळू उडून जातं. त्यामुळे खाली मुळं कुजली किंवा वाळली, तरी वरची पानं आपल्यातल्या शिल्लक ओलाव्यावर कित्येक आठवडे हिरवी राहतात. झाड तक्रार करतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून जुनिपरची निगा म्हणजे झाडाने सांगायच्या आधी आपण जाऊन बघणं.

डोंगरकड्यावरचा रहिवासी

हे झाड असं का, ते त्याच्या मुलखात गेल्याशिवाय कळत नाही. जुनिपर थंड प्रदेशातलं. आपल्या सह्याद्रीत ते रानात सापडत नाही. हिमालयात मात्र त्याच्या काही जाती आहेत. लडाखमध्ये त्याला 'शुक्पा' म्हणतात आणि तिथल्या गोंपांमध्ये त्याचा धूप जाळतात. आयुर्वेदातली 'हपुषा' हीसुद्धा एका जुनिपरचीच फळं.

बोन्सायसाठी जपानी लोकांनी सर्वांत जास्त नावाजलेलं जुनिपर म्हणजे 'शिंपाकू'. ते उंच डोंगरकड्यांवर, खडकाच्या भेगेत वाढतं. माती मूठभर, पाऊस पडला की पाणी क्षणात वाहून जातं, हिवाळ्यात बर्फाचं ओझं आणि बारमाही वारा. अशा जागी झाड उंच होत नाही. ते पिळवटतं, वाकतं, त्याच्या काही फांद्या मरतात आणि उरलेल्या जगत राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरात आणि पुढे इतोइगावा भागातल्या कड्यांवर दोराला लोंबकळत माणसांनी अशी झाडं काढून आणली. आज जपानात दिसणारी कित्येक थोर शिंपाकू बोन्साय मुळात त्या कड्यांवरची आहेत.

'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावलेलं झाड. ही कला मूळची चीनमधली, पण जपानने ती घरोघर जोपासली. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतल्या काही बोन्साय व्यावसायिकांनी शहर सोडलं आणि १९२५ मध्ये ओमिया इथे आपली वसाहत वसवली. तिथे राहायला येणाऱ्यांसाठी त्यांनी नियम केले होते. घरी निदान दहा बोन्साय हवीत, बाग सर्वांना पाहायला खुली हवी, कुंपण हिरवं हवं आणि घर दुमजली बांधायचं नाही. त्या शेवटच्या नियमाचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो, की शेजाऱ्याच्या झाडाच्या उन्हावर आपली सावली पडता कामा नये. सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम पेलणार नाही, पण त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे.

दादाची वही

पहिलं झाड गेल्यावर मी कानाला खडा लावला होता. पुन्हा बोन्साय म्हणून आणायचं नाही. पण साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, दादाला, या झाडांचा नाद होता. १९९७ मध्ये त्याने नर्सरीतलं एक साधं पिशवीतलं जुनिपर आणून त्याला वळण द्यायला सुरुवात केली. पुढे त्याला कंपवाताने गाठलं. हात इतके थरथरायचे, की कात्री धरवेना. २०११ च्या डिसेंबरात मी भेटायला गेलो, तेव्हा त्याने ते झाड माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "हे तू घेऊन जा." मी म्हटलं, "दादा, मी एक मारलंय, तुला ठाऊक आहे." तो हसून म्हणाला, "म्हणूनच. ज्याने एकही मारलं नाही, त्याला अजून काही कळलेलं नसतं."

झाडाबरोबर त्याने एक शंभर पानी वही दिली. रोजच्या नोंदी, तारीखवार. मला वाटलं, आज काय काय केलं ते लिहिलेलं असेल. उघडून पाहतो तर निम्म्या नोंदी न केलेल्या कामांच्या! "पाणी नाही. ओल आहे." "पाणी नाही. ढगाळ." "छाटणी करायची होती, केली नाही. झाड दमलेलं." बँकेत पस्तीस वर्षं खतावण्या पाहिल्या, पण असा हिशेब कधी पाहिला नव्हता.

२०१३ मध्ये दादा गेला. झाड तेव्हापासून माझ्या गच्चीत आहे. आता त्या वहीच्या आधाराने निगेकडे वळतो.

जागा आणि ऊन

पहिली गोष्ट, जुनिपर घरात ठेवायचं नाही. लोक मला विचारतात, बोन्साय घरात ठेवणं अशुभ असतं म्हणे, वाढ खुंटते. शुभाशुभाचं मला माहीत नाही, पण जुनिपरच्या बाबतीत घरात ठेवल्याने वाढ खुंटते हे शंभर टक्के खरं आहे, झाडाची! त्याला उघडं आकाश, वारा आणि दिवसाकाठी निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं. पाहुणे येणार म्हणून एखादा दिवस दिवाणखान्यात आणलं तर चालेल, मग पुन्हा बाहेर. ज्यांच्याकडे ऊन येणारी गच्ची किंवा बाल्कनीच नाही, त्यांनी हौस म्हणून वडाच्या कुळातलं एखादं झाड घ्यावं. खिडकीजवळच्या भरपूर उजेडात ते निभावून नेतं.

हवेचंही बघावं लागतं. पुणे, सातारा, नाशिक या भागांत हिवाळ्यात बऱ्यापैकी थंडी पडते, जुनिपरची वाढ मंदावते आणि त्याला विसावा मिळतो. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात त्याला रुळवणं कठीण जातं. आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून त्याला जपायला हवं. पानांना ऊन चालतं, पण दोन-तीन इंच खोलीचा ट्रे तापला की मुळं भाजून निघतात. मी झाड सिमेंटच्या गच्चीवर न ठेवता लाकडी बाकावर ठेवतो आणि उन्हाळ्यात अकरा ते चार हिरव्या जाळीची सावली करतो.

पाणी आणि उदबत्तीची काडी

जपानी माळ्यांमध्ये एक म्हण आहे, पाणी घालायला शिकायला तीन वर्षं लागतात. मला आठ लागली असतील. माझी चूक शिस्तीत होती. रोज सातला एक कप म्हणजे पावसाळ्याच्या दमट हवेत नको तेवढं, आणि कोरड्या दिवसांत माती भिजायलाही न पुरणारं. त्यात त्या निळ्या ट्रेला खाली भोकच नव्हतं. तळाशी पाणी साचून मुळं कुजत होती आणि वर मी बातम्या ऐकत होतो.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. दाण्यांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांना धरते. म्हणून वेळ बघून पाणी घालायचं नाही, माती बघून घालायचं. वरचा अर्धा इंच थर सुकू लागला, पण आत अजून दमटपणा आहे, ही पाण्याची वेळ. बोट घालून कळतं. दादाची युक्ती याहून सोपी होती. उदबत्ती जळून गेल्यावर उरते ती काडी मातीत खोचायची, पाच मिनिटांनी काढून पाहायची. काडी ओली, गडद असेल तर थांबायचं. नुसती गार, किंचित दमट लागली तर पाणी द्यायचं.

द्यायचं तेव्हा मात्र हात आखडता घ्यायचा नाही. बारीक भोकांच्या झारीने सगळ्या ट्रेवर, खालच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. वरवर शिंपडलेलं पाणी खालच्या मुळांपर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा द्यावं लागेल, डिसेंबरात दोन-तीन दिवसांतून एकदा. पावसाच्या झडीत ट्रेखाली एका बाजूला लाकडाची चिपळी सारून तो थोडा तिरका करावा, म्हणजे पाणी निथळून जातं. ट्रेखाली बशी कधीच ठेवू नये.

याच पाण्याची एक गोष्ट सांगतो. २०१९ च्या जानेवारीत जपानच्या साइतामा भागातल्या एका बोन्साय बागेतून सात झाडं चोरीला गेली. त्यांत चारशे वर्षांचं एक शिंपाकू जुनिपर होतं. त्याचीच किंमत एक कोटी येनांहून जास्त होती. बागेच्या मालकीणबाईंनी तेव्हा इंटरनेटवरून चोरांना जे कळवलं, ते जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. झाडं परत करा, ही विनंती होतीच. पण त्याहून कळकळीने त्या सांगत होत्या, की जिथे कुठे असतील तिथे त्यांना पाणी घाला. त्या शिंपाकूला आठवडाभर पाणी मिळालं नाही, तर ते वाचणार नव्हतं. चार शतकं जगलेल्या झाडाला एक आठवडा भारी पडतो, हे वाचून मी उठलो आणि गच्चीत जाऊन काडी घालून आलो.

माती, खत आणि कुंडीबदल

आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण बोन्सायच्या ट्रेमध्ये ती घात करते. ओली झाली की फुगते, निचरा थांबतो, सुकली की तडे जातात आणि बारीक मुळं तुटतात. जपानात 'आकादामा' नावाची लालसर दाणेदार ज्वालामुखीय माती वापरतात. आपल्याकडे तिचं काम विटांचे तुकडे करतात. चांगल्या भाजलेल्या विटा फोडून, चाळून घ्यायच्या. ज्वारीपेक्षा मोठे आणि हरभऱ्यापेक्षा लहान एवढे दाणे ठेवायचे, भुकटी टाकून द्यायची. असे दोन भाग, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. हे मिश्रण पाणी धरतंही आणि सोडतंही.

अशा मातीत अन्न फार टिकत नाही, म्हणून खत लागतं, पण बेताचं. जपानी लोक सरकीसारखीच तेलबियांची पेंड वापरतात. आपण मोहरीची किंवा शेंगदाण्याची पेंड वापरू शकतो. मी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडी थोडी घालतो. ऐन पावसात नाही आणि आजारी झाडाला तर मुळीच नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही, तसंच.

दर तीन-चार वर्षांनी मुळांनी ट्रे भरून जातो आणि पाणी वर साचू लागतं. तेव्हा झाड काढून नवी माती द्यावी लागते. मी हे काम जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, ऊन तापायच्या आधी करतो. मुळं एक तृतीयांशाहून जास्त कापत नाही आणि जुनी माती सगळी धुऊन काढत नाही. जुनिपरच्या मुळांबरोबर एक उपकारक बुरशी राहते, ती त्याला पाणी आणि अन्न मिळवायला मदत करते. मुळं उघडी करून धुतली, तर ती सोबतही जाते. कुंडी बदलल्यावर झाड तारेने ट्रेला घट्ट बांधायचं, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटत नाहीत, आणि महिनाभर विरळ सावलीत ठेवायचं.

कात्री आणि तार

वडाची फांदी पानं काढून नुसती ठेवली, तरी तिला डोळे फुटतात. जुनिपरला ही मुभा नाही. ज्या फांदीवर एकही हिरवं पान उरलं नाही, ती फांदी सहसा पुन्हा फुटत नाही, मरते. त्याची शक्ती पानांत असते. म्हणून छाटताना प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवं राखायचं. मेंदीच्या कुंपणासारखी सरसकट कातरणी केली, तर कापलेली टोकं तपकिरी पडतात. आकाराबाहेर गेलेला एकेक लांब कोंब शोधायचा आणि तो बुडाशी, जिथून फुटला तिथे कापायचा. आतल्या दाट, पिवळ्या पडलेल्या काड्या वेचून काढल्या, की ऊन-वारा आत पोचतो. फार छाटलं तर झाड खवल्यांऐवजी लहानपणची काटेरी, सुईसारखी पानं फेकू लागतं. ती त्याची नाराजी समजावी.

वळण देण्यासाठी अॅल्युमिनियमची तार वापरतात. फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, तिरकी गुंडाळायची, मग फांदी हळूहळू वाकवायची. जुनिपरची फांदी लवचीक असते, पण नवं वळण पक्कं व्हायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. तेवढ्यात फांदी जाड होते आणि तार सालीत रुतते. म्हणून पावसाळ्यानंतर सगळ्या तारा तपासाव्यात. काढताना तार उलगडायची नाही, पक्कडीने तुकडे करून काढायची.

आणि एका हंगामात एकच मोठं काम. कुंडी बदलली तर मोठी छाटणी नाही. छाटणी केली तर जोरात वाकवणं नाही. दादाच्या वहीत हे लाल शाईने लिहिलेलं आहे.

पुष्कळजण विचारतात, हा झाडाचा छळ नाही का? प्रश्न रास्त आहे. निष्काळजीपणे केलं तर छळच आहे. पण भूक मारून झाड लहान ठेवतात, हा समज खरा नाही. उपाशी झाड लहान राहत नाही, मरतं. छाटणीने आकार राखतात आणि मुळांना दर काही वर्षांनी नवी माती देतात, म्हणून तर ही झाडं शतकानुशतकं जगतात.

मेलेली फांदी

एवढी वही हाताशी असूनही २०१६ च्या उन्हाळ्यात मी चुकलो. लग्नासाठी आम्ही दहा दिवस बाहेरगावी होतो. शेजारच्या काकूंनी काडी घालून, बघून पाणी घातलं. त्यांची काही चूक नव्हती. चूक आधीची होती. झाडाची एक बाजू जरा धुरकट, धूळ बसल्यासारखी दिसत होती. मी ते पाहिलं होतं आणि प्रवासाच्या गडबडीत धूळच समजून सोडून दिलं होतं.

तो लाल कोळी होता. कोरड्या उकाड्यात हा जीव झपाट्याने वाढतो आणि पानांतला रस शोषतो. डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्याची परीक्षा अशी : फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकायची. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले, बोटाने चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, की समजावं. लाल कोळी हा किडा नाही, त्याला कोळ्यासारखे आठ पाय असतात. त्यामुळे नेहमीची कीटकनाशकं बहुधा त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या अंगाने, सलग काही दिवस, हा पहिला उपाय. मग ऊन उतरल्यावर निमतेलाची फवारणी. आता मार्च ते मे मी दर रविवारी कागद धरतो.

बरीच बाजू वाचली, पण डावीकडची खालची मोठी फांदी गेली. दादाने तीच सर्वांत आधी वळवली होती. महिनाभर ती हिरवी दिसत राहिली, पण या वेळी मला ठाऊक होतं. साताऱ्याहून वहिनी आल्या, तेव्हा त्यांना गच्चीत नेताना माझा पाय जड झाला. त्यांनी फांदीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक फांदी गेली. झाड आहे ना?"

मग मी ती फांदी कापली नाही. जुनिपरचं लाकूड राळयुक्त असतं, सहजी कुजत नाही. डोंगरावरच्या झाडांत मेलेल्या फांद्या वर्षानुवर्षं तशाच, उन्हाने पांढऱ्या पडून उभ्या असतात. बोन्सायमध्ये अशा फांदीला 'जिन' म्हणतात आणि खोडावरच्या मेलेल्या पांढऱ्या पट्ट्याला 'शारी'. हा 'शारी' शब्द आपलाच आहे. संस्कृत 'शरीर' म्हणजे बुद्धाचे शरीरावशेष, अस्थी. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला गेला आणि झाडाच्या उघड्या पडलेल्या लाकडाला चिकटला. मी फांदीची साल सोलली, लाकूड सुकू दिलं आणि चुना-गंधकाचं द्रावण ब्रशने लावलं. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हातमोजे घालावेत आणि माती प्लॅस्टिकने झाकून घ्यावी. काही आठवड्यांत फांदी हाडासारखी पांढरी झाली. तिच्या शेजारून जिवंत सालीचा तांबूस पट्टा वर चढतो. जपानी भाषेत त्याला पाणी ओढणारी वाट म्हणतात. आज येणारा माणूस आधी ती पांढरी फांदी बघतो.

पुढचा हात

नवीन झाड घेणाऱ्यांना जाता जाता चार गोष्टी सांगतो. ट्रेला खाली भोकं आहेत का, ते उलटून पाहा. वरचे शोभेचे खडे डिंकाने चिकटवलेले असतील तर काढून टाका, पाणी आत जात नाही. खोड धरून हलकेच हलवा, लटपटत असेल तर मुळं धरलेली नाहीत. आणि शेंडे पाहा. वाढीच्या दिवसांत निरोगी जुनिपरचे शेंडे बाकीच्या पानांपेक्षा फिकट, ताजे हिरवे असतात. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका. रंग मंदावला, पान बोटांना कोरडं, ठिसूळ लागलं, शेंडे थांबले, या बारीक खुणा पिवळेपणाच्या कितीतरी आधी येतात. संशय आला तर माळीकाकांची परीक्षा आहेच. साल अगदी किंचित खरवडा, खाली हिरवं असेल तर आशा आहे.

जॉन नाका नावाचे एक जपानी वंशाचे अमेरिकन बोन्सायकार होते. १९४८ मध्ये त्यांनी काही जुनिपर घेऊन काम सुरू केलं. त्यातून पुढे अकरा झाडांचं एक छोटं वन तयार झालं, प्रत्येक झाड त्यांच्या एकेका नातवंडाच्या नावाचं. १९८४ मध्ये त्यांनी ते देऊन टाकलं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ते आजही पाहायला मिळतं. नाका २००४ मध्ये गेले. झाडांना रोज पाणी कुणीतरी घालतंच आहे.

दादाचं झाड आता तिशीला आलं आणि मी पंचाहत्तरीला. जिना चढताना धाप लागते. दादाचा नातू शिक्षणासाठी पुण्यात आहे, रविवारी जेवायला येतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "आजोबा, पाणी रोज किती वाजता घालायचं?" मी काही उत्तर दिलं नाही, देवघरातली उदबत्तीची काडी त्याच्या हातात दिली. काही रविवार तो नुसताच खोचून, काढून, मला दाखवून विचारत राहिला. गेल्या रविवारी मी वर गेलोच नाही. तो एकटाच गेला, झारी न उचलता खाली आला आणि जेवायला बसला. संध्याकाळी मी वही उघडली. दादाच्या आणि माझ्या अक्षराखाली तिसरं एक अक्षर होतं : "पाणी नाही. ओल आहे."